लावण्याआधीचे वर्ष

२२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, पंचेचाळीस माणसे अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. तेव्हा यवतमाळ जिल्हा दोन दिवस राज्यभरच्या बातम्यांत होता. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०२२मध्ये, वर्धा नदीने वणी-मारेगाव पट्ट्यातल्या गावांना वेढा घातला होता. अशा पुरानंतरचा क्रम आता ठरून गेला आहे. पहिल्या आठवड्यात धान्य आणि कपडे येतात, दुसऱ्यात पंचनामे सुरू होतात आणि महिनाभराने शहरातल्या एखाद्या मंडळाचा, महाविद्यालयाचा किंवा कंपनीचा निरोप येतो: आम्ही दीडदोनशे जण आहोत, झाडे लावायला येतो, रोपे आमची, जागा तुम्ही दाखवा.

या निरोपाला सरपंचाने काय उत्तर द्यावे, एवढाच खरे तर या लेखाचा प्रश्न आहे. माझ्या मते उत्तर असे असावे: या पावसाळ्यात नको. पुढच्या पावसाळ्यात या, आणि त्याआधी उन्हाळ्यात एकदा येऊन जा.

हे उत्तर उर्मट वाटू शकते. ते का द्यायचे हे कळण्यासाठी आधी इथली आपत्ती कशी असते ते पाहिले पाहिजे. यवतमाळात पूर एकटा येत नाही, त्याच्या मागेपुढे दुष्काळ असतो. सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळ शहराची दोन्ही धरणे आटली आणि शहर टँकरवर आले. पाचच वर्षांनी त्याच जिल्ह्यात हेलिकॉप्टर उतरवायची वेळ आली. म्हणजे पुरात गेलेल्या झाडाच्या जागी जे लावायचे, ते पुरात टिकेल की नाही यापेक्षा पुढच्या कोरड्या उन्हाळ्यात टिकेल की नाही, हे आधी बघावे लागते.

झाडे जातात तीही दोन तऱ्हांनी. पुरात नाल्याकाठची माती खरवडून जाते, मुळे उघडी पडतात. झाड त्या दिवशी उभेच असते आणि पुढच्या वादळात आडवे होते. काळ्या चिकण मातीत पाणी आठवडाभर साचले तर मुळांना हवा मिळत नाही आणि बाहेरून धडधाकट दिसणारे झाड दिवाळीपर्यंत वाळते. दुष्काळात प्रकार वेगळा. तिथे झाड मरायच्या आधी विकले जाते. धुऱ्यावरचे बाभळीचे किंवा कडुनिंबाचे मोठे झाड म्हणजे शेतकऱ्याची शेवटची ठेव. पीक गेले, सावकार दारात आला की ती मोडली जाते. पुराच्या पंचनाम्यात किंवा दुष्काळाच्या आणेवारीत यातले काहीच उतरत नाही.

पंचनाम्याचे निकष पाहिले की हे स्पष्ट होते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांप्रमाणे तेहेतीस टक्क्यांहून जास्त नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये मिळतात. शेतात साचलेला गाळ काढायला १८,००० आणि नदीने पात्र बदलून जमीनच वाहून नेली तर ४७,००० रुपये. संत्र्याची बाग यात बसते. धुऱ्यावरची चिंच, नाल्याकाठचा अर्जुन, गोठ्यामागचा करंज कुठल्याच रकान्यात बसत नाही. महसूल खात्याच्या दृष्टीने ती झाडे वाहून गेलीच नाहीत, कारण ती कधी नोंदलीच गेली नव्हती. २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणीचे ॲप आहे आणि त्यात बांधावरची झाडे नोंदवायची सोय आहे, पण पीक नोंदवून झाले की शेतकरी ॲप बंद करतो. नोंद असली म्हणून उद्या भरपाई मिळेल असे मुळीच नाही. तरी कोणत्या गटात काय होते आणि काय गेले, याची यादी पुनर्लागवडीची पहिली गरज असते आणि आज ती कुणाकडेही नसते. स्मार्टफोन सराईतपणे वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना गावात पाठवायचेच असेल, तर कुदळ देण्याआधी हे काम द्यावे.

या जिल्ह्याला झाडे आणि आपत्ती यांचा संबंध नवा नाही. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२चा दुष्काळ पडला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर पसरली आणि खडी फोडण्याबरोबर बांधबंदिस्ती व वृक्षलागवडही दुष्काळी कामांत आली. पुसदचेच सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि १९९२ साली जलसंधारणाचे वेगळे खाते निघाले. वसंतरावांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. वन महोत्सवही त्याच दिवशी सुरू होतो. हा योग पुढे फार महत्त्वाचा ठरला. कारण १ जुलै ही झाडे लावण्याची सरकारी तारीख झाली आणि तारीख ठरली की मोजणी आलीच.

२०१६ साली १ जुलैला एका दिवसात २ कोटी, २०१७मध्ये आठवडाभरात ४ कोटी, २०१८मध्ये १३ कोटी आणि २०१९मध्ये तीन महिन्यांत ३३ कोटी अशी उद्दिष्टे तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी ठेवली. शाळा, पोलीस, बँका, बचतगट, सगळी यंत्रणा कामाला लागली. स्वयंसेवकांची नोंदणी हरित सेना या नावाने झाली. सरकार बदलल्यावर २०२१मध्ये या लागवडीची चौकशी करायला विधिमंडळाची समिती नेमली गेली आणि विषय राजकारणात गेला. कोणी किती खोटे खड्डे दाखवले, या वादात मला रस नाही. माझा मुद्दा साधा आहे. एवढ्या मोठ्या मोहिमेने लोकांना रोप लावायला बाहेर काढता येते हे सिद्ध केले, आणि त्याच लोकांना तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच रोपापाशी परत नेण्याची व्यवस्था उभी केली नाही. आपत्तीनंतरची लागवड नेमकी याच वळणाने जाते. फरक एवढाच की तिथे तारखेच्या जागी हळहळ असते.

पुराच्या वर्षी लावू नये असे मी म्हणतो, त्याला चार कारणे आहेत आणि चारही अगदी जमिनीवरची आहेत.

पहिले, रोपे. सामाजिक वनीकरणाची किंवा वनखात्याची रोपवाटिका आधीच्या वर्षीच्या मागणीवर चालते. जुलैअखेर पूर आला आणि ऑगस्टमध्ये रोपे मागितली, तर मिळतात ती उरलेली, बहुधा गुलमोहर, काशीद, पेल्टोफोरम. त्यातही पिशवीत वर्षापेक्षा जास्त काळ राहिलेले रोप हातात घेऊन पाहावे. वरून कमरेइतके उंच, पाने तुकतुकीत. पिशवी ब्लेडने उभी चिरली की मातीचा गोळा सुटतो आणि तळाशी मुळांची चुंबळ दिसते. जागा न मिळाल्याने मुळे गोल गोल फिरत राहिलेली असतात. हे रोप तसेच खड्ड्यात ठेवले तर जमिनीतही ती मुळे तशीच फिरतात. दोन वर्षे झाड बरे दिसते, तिसऱ्या वर्षी सोसाट्याच्या वाऱ्यात मुळासकट उपटून पडते. तळाची दोन बोटे चुंबळ कापून टाकायची असते, हे शंभरातल्या पाच स्वयंसेवकांनाही कुणी सांगितलेले नसते.

दुसरे, ढोरे. पुराच्या वर्षी धुऱ्यावरचे गवत गाळाखाली जाते, साठवलेले कुटार भिजून कुजते. जनावर उपाशी असते आणि गायकी त्याला जिथे हिरवे दिसेल तिथे सोडतो. त्यात दोष कुणाचाच नाही. पण ओल्या चाऱ्याची सर्वांत जास्त टंचाई असलेल्या हंगामात उघड्या ई-क्लास गायरानावर हजार कोवळी रोपे लावणे म्हणजे ढोरांना जेवायला बोलावणे. उरले ते रोही आणि रानडुकरे पाहून घेतात.

तिसरे, माणसे. जुलै-ऑगस्टमध्ये यवतमाळात डवरणी आणि निंदण चालू असते. पूर ओसरला की ज्यांच्या वावरात पीक उरले आहे ते दिवसरात्र त्यालाच वाचवतात, ज्यांचे गेले ते दुबार पेरणीच्या मागे असतात. त्या आठवड्यात गावाने पाहुण्या स्वयंसेवकांसोबत खड्डे खणायला यावे, ही अपेक्षाच क्रूर आहे. गाव येत नाही, मग झाड पाहुण्यांचे होते आणि पाहुणे निघून जातात.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिल्या वर्षी आपल्याला कळतच नाही की आपोआप काय येणार आहे.

इंग्लंडच्या दक्षिण भागात १५-१६ ऑक्टोबर १९८७च्या रात्री मोठे वादळ झाले आणि सुमारे दीड कोटी झाडे पडली. त्यानंतर देशभर पैसा उभा राहिला, स्वयंसेवक आले, पडलेली खोडे यंत्रांनी ओढून जमीन साफ झाली आणि रांगेत रोपे लावली गेली. केंटमधल्या टॉईज हिलसारख्या काही ठिकाणी मात्र जंगलाचा एक भाग हात न लावता सोडून दिला होता. काही वर्षांनी पाहिले तर त्या सोडलेल्या भागात आपोआप आलेले जंगल दाट होते, आणि साफसफाईच्या यंत्रांनी मात्र अनेक ठिकाणी माती दाबून उगवणारी रोपटी चिरडली होती. इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांनी तर या उत्साही साफसफाईवर उघड टीका केली. इंग्लंडचा पाऊस आणि आपला पाऊस यांत फरक आहे हे मान्य. म्हणून सोडून द्या म्हणजे सगळे येईल, असा निष्कर्ष यवतमाळात काढता येणार नाही. इथे सोडून दिलेल्या जागेवर घाणेरी आणि वेडी बाभूळही तितक्याच आनंदाने येतात. पण आधी पाहा, हा धडा इथेही लागू पडतो.

नाल्याकाठी एकदा दसऱ्याच्या सुमारास, पाणी उतरल्यावर, खाली वाकून चालत जावे. पुराने पसरलेल्या गाळात बाभळीची बोटभर रोपटी ओळीने उगवलेली दिसतात. शेंगा पाण्याबरोबर येऊन जिथे अडकल्या ती रेष तिथे उमटलेली असते. मोडलेल्या करंजाच्या बुंध्याला फुटवे येतात. पळस तर तोडा, जाळा, बुडवा, मुळातून परत येतो. साग खोडातून फुटतो. आडवे झालेले जांभळाचे झाड एका बाजूच्या मुळांवर तग धरून असेल तर त्याच्या पाठीवर उभ्या फांद्या निघतात. हे सगळे मोजून, त्याभोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले तर निम्मी लागवड रोपाचा पैसा न घालता झालेली असते. शिवाय या झाडांना मुळे आहेत, तीही खोल. पिशवीतले रोप त्या मुळांची बरोबरी पाच वर्षांत करत नाही.

तर पहिले वर्ष पाहण्याचे, राखण्याचे आणि बी गोळा करण्याचे. बियांचे वेळापत्रक स्वयंसेवकांच्या सोयीने चालत नाही, म्हणूनच ते कामाचे आहे. चिंच, करंज, अर्जुन फेब्रुवारी ते मे या काळात मिळतात आणि काही महिने टिकतात. बाभळीचे बी बकऱ्यांच्या गोठ्यातून गोळा करावे. बकरीच्या पोटातून आलेल्या बीला उगवण चांगली, हे खेड्यातल्या कुणालाही माहीत असते. मोह, जांभूळ आणि कडुनिंब यांचे बी मात्र जूनच्या आगेमागे पडते आणि दोनतीन आठवड्यांत मरते. ते गोळा करून पोत्यात भरून ठेवले आणि वनदिनाला वाटले तर नुसता कचरा वाटला असे होते. ते ज्या आठवड्यात पडते त्याच आठवड्यात पिशवीत किंवा थेट जमिनीत गेले पाहिजे. सध्या फॅशनमध्ये असलेले बीजगोळे याच ठिकाणी फसतात. गोळा छान, पण आतले बी गेलेले.

उन्हाळ्यात स्वयंसेवक येतील का, ही शंका नेहमी निघते. ती महाराष्ट्राने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत खोटी ठरवली आहे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात होत असे, यवतमाळचे तालुकेही तिच्यात होते, आणि १ मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईची माणसे भर उन्हात टिकाव-घमेली घेऊन चर खणायला जात. आमिर खान आणि बक्षिसाची रक्कम त्यामागे होती हे खरे. तरी कडाक्याच्या उन्हात काम मागितले की लोक पळून जातात हे काही खरे नाही. काम नेमके सांगितले आणि त्याचे माप दिसले तर येतात. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे बहुधा हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत होतात. काट्याचे कुंपण, चर आणि वणव्यासाठी जाळरेषा यांचा हाच हंगाम. विदर्भात तर गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव आहेत, तुकडोजी महाराजांनी रुजवलेली ग्रामसफाई आणि सामुदायिक प्रार्थना यांची सवय आहे. बाहेरून संघटना आणण्यापेक्षा जी रोज संध्याकाळी एकत्र येते तिला पाणी घालण्याचा आठवड्यातला वार ठरवून देणे सोपे. तांड्यात नाईक-कारभाऱ्यांना विचारल्याशिवाय आणि कोलाम पोडावर ग्रामसभेला विचारल्याशिवाय मात्र खड्डा खणू नये. घाटंजी, केळापूर, झरी-जामणी भागातल्या ज्या गावांना २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे जंगल राखण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार ग्रामसभेचाच आहे. पाहुण्यांनी तिथे मदतनीस म्हणून जायचे.

आता एक अप्रिय गोष्ट. खड्डे स्वयंसेवकांनी खणू नयेत. पुराच्या वर्षी शेतमजुराचे हातचे काम गेलेले असते, आणि खड्ड्याची मजुरी ही त्या घरात येणारी गरजेची रक्कम असते. शंभर विद्यार्थी रविवारी येऊन ती मजुरी फुकटात उडवून जातात आणि त्याला श्रमदान म्हणतात. शिवाय विद्यार्थ्यांचा खड्डा दीड फुटाचा असायला हवा तिथे वीतभर असतो, हे वेगळे. बिहारच्या तिरहुत विभागात २००९ साली तत्कालीन आयुक्त एस. एम. राजू यांनी रोजगार हमीतून जी पद्धत बसवली, ती आपल्याकडे बिहार पॅटर्न म्हणून ओळखली जाते. चार कुटुंबांकडे दोनशे झाडे सोपवायची, तीन वर्षे जपायची, नव्वद टक्के जगली तर पूर्ण मजुरी, प्रमाण खाली गेले तर कमी. झाड लावण्याऐवजी झाड जगवण्याला मजुरी बांधणे, एवढीच त्यातली युक्ती. आपत्तीग्रस्त गावात रोजगार हमीच्या मजुरीने चार कुटुंबे आणि त्यांच्या मदतीला बाहेरचे स्वयंसेवक, अशी जोडी लावली तर दोघांचेही काम उरते.

बाहेरच्यांनी मग काय करावे? पाण्याचा हिशेब आणि खर्च उचलावा. एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर धरले तर हजार रोपांना आठवड्याला वीस हजार लिटर लागतात. पाच हजारांचा टँकर धरला तर चार खेपा. फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सत्तरेक खेपा झाल्या, त्याही पहिल्या वर्षाच्याच. रोपे विकत घेण्याचा खर्च यापुढे किरकोळ वाटतो आणि देणगीदार नेमका तोच करायला तयार असतो, कारण रोपाबरोबर फोटो निघतो. हजार रोपांच्या जागी अडीचशे लावून त्यांच्या पाण्याचे पैसे आधी बँकेत ठेवावेत. जिल्ह्यातल्या दिलासा संस्थेने नाल्यात दोह खोदून पाणी अडवण्याचे काम केले आहे. असा दोह जवळ असेल तर टँकरच्या निम्म्या खेपा वाचतात आणि रोपांची जागाही त्यावरूनच ठरवावी.

काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रोपाची कोवळी मुळे त्यात तुटतात. पुराने टाकलेली रेती खड्ड्याच्या मातीत मिसळली तर भेगा कमी पडतात. वरून आच्छादन हवेच, पण ते सोयाबीनच्या कुटाराचे, पऱ्हाट्या नकोत. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडांत लपून राहते, आणि झाड जगवायला गेलेल्याने शेजारच्या कपाशीत अळी सोडली तर पुढच्या वर्षी त्या धुऱ्यावर कुणी पाय ठेवू देणार नाही.

कोकणातले उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण तिथली आपत्ती झाडांचीच होती. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारने बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. पण कोकणातली वाडी गुंठ्यांत असते आणि गुंठ्याला पाचशे रुपये पडले म्हणताच ओरड झाली. पुढे नारळाच्या झाडामागे २५० आणि पोफळीमागे ५० रुपये असा झाडांवर हिशेब आला. म्हणजे झाड मोजून भरपाई देता येते. यवतमाळात ती देता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा निर्णय वाचावा. कोकणात पहिली गरज नवे रोप लावण्याची नव्हतीच. एकमेकांवर पडलेली खोडे कापून वाडीबाहेर काढायला माणसे आणि करवती हव्या होत्या, आणि बाहेरून मदतीला आलेल्यांचा खरा उपयोग तिथे होता. पोफळीला सावली लागते, म्हणून आधी केळ आणि नारळ उभे राहावे लागतात, आणि पोफळ धरायला सहासात वर्षे जातात. घाई करून मिळवण्यासारखे तिथे काही नव्हते.

स्मरणाच्या झाडांची गोष्ट मात्र वेगळी. भुजमध्ये २००१च्या भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ भुजियो डोंगरावर स्मृतिवन उभे राहिले आणि ऑगस्ट २०२२मध्ये खुले झाले. पुणे जिल्ह्यातल्या रानमळा गावाने जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी झाड लावण्याची रीत पाडली, ती पुढे सरकारनेही उचलली. दु:ख आणि झाड यांची सांगड माणसाला पटते यात शंका नाही. ज्या घरातले माणूस पुरात गेले त्या घराने लावलेल्या झाडाला पाणी घालायची आठवण करून द्यावी लागत नाही. अशी झाडे पहिल्याच वर्षी लावू द्यावीत, माझा नियम त्यांना लागू करू नये. पण ती मोजकीच असणार आणि घराजवळ असणार.

कुठले झाड कुठे, यावर फार लिहिण्यासारखे नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारले तरी पुरे. काठाला अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ. त्याखालच्या उतारावर निर्गुडी आणि वाळा. वरच्या धुऱ्यावर चिंच, कडुनिंब, बाभूळ. मुरमाड ई-क्लासवर मोह, बेहडा, बोर. बांबू २०१७पासून कायद्याने वृक्षांतून वगळला गेल्यामुळे त्याच्या तोडीची कटकट राहिली नाही आणि काठ धरून ठेवायला तो चांगला. सागाबाबत शेतकरी बिचकतो, कारण स्वतःच्या धुऱ्यावरचा साग तोडायलाही परवानगी काढावी लागते. त्याचे हे बिचकणे समजून घ्यावे, त्याला पर्यावरणाचे भाषण देऊ नये. पात्रात मात्र काहीही लावू नये. पात्रातले झाड पुढच्या पुरात कचरा अडवते आणि पाणी बाजूच्या वावरात शिरते.

पात्राचा विषय निघाला म्हणून शेवटी जेसीबीबद्दल. पूर येऊन गेला की गावाची पहिली मागणी असते नाला खोल आणि रुंद करण्याची, आणि ती रास्तही असते. जलयुक्त शिवारच्या काळापासून या कामाला निधी आणि यंत्रे दोन्ही मिळतात. काम मीटरवर मोजले जाते आणि यंत्र तासावर. त्यामुळे चालक काठाची झाडे बादलीने उपटत पुढे जातो. झाड चुकवून वळसा घेण्यात त्याचा तास जातो. पुरातून वाचलेला वीस वर्षांचा अर्जुन अशा रीतीने पुराच्या उपायात पडतो. काठाची माती त्याच्या मुळांनीच धरलेली असते, ती दुसऱ्या पावसात पात्रात येते आणि नाला पुन्हा उथळ होतो. मग पुन्हा खोलीकरण. एका बाजूने दोनशे रोपे लावण्याचा कार्यक्रम आणि दुसऱ्या बाजूने पन्नास उभी झाडे काढणारे यंत्र, हे एकाच गावात एकाच महिन्यात चाललेले दिसू शकते, कारण पहिले काम वनीकरणाचे आणि दुसरे जलसंधारणाचे.

हे थांबवायला कायदा करावा लागत नाही. खोलीकरणाच्या अंदाजपत्रकाआधी अभियंता काठाने फिरतो. त्या दिवशी गावातली चार माणसे आणि बाहेरचे दोघे त्याच्यासोबत असावेत, हाती चुन्याची बादली असावी, आणि राखायच्या प्रत्येक बुंध्याला पांढरा पट्टा मारून त्याची यादी ग्रामपंचायतीच्या ठरावाला जोडावी. काम निघते ते उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये. शहरातल्या मंडळाला बोलवायचे ते त्याच वेळी.